न्यूकोमेनच्या इंजिनातली उष्णता गेली कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : न्यूकोमेनच्या इंजिनात सुमारे १०० अंश सेल्सिअसची वाफ सिलिंडरमध्ये येई आणि थंड पाण्याच्या फवाऱ्याने तिचे पुन्हा पाणी होई. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते हे सांगणारे कार्नोचे सूत्र लावले, तर १०० आणि ३० अंशांच्या दरम्यान चालणाऱ्या इंजिनाला जवळजवळ १९ टक्के कार्यक्षमता मिळायला हवी. प्रत्यक्षात ती एका टक्क्याच्याही आत होती. मग उरलेली उष्णता गेली कुठे? आणि कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पाणी करण्याची जागा, सिलिंडरच्या बाहेर नेण्याइतका वरवर साधा बदल जेम्स वॉटने केल्यावर कोळशाचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर कसा आला? शिवाय सिलिंडरच उष्णतारोधक करून भागले नसते का, असा एक उपप्रश्नही जोडलेला आहे.

माझी नोकरीतली एकतीस वर्षे औष्णिक वीज केंद्रांत गेली आणि त्यांतली बरीचशी टर्बाइनच्या खालच्या मजल्यावर, कंडेन्सरच्या आसपास. त्यामुळे या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या अंगाने कमी आणि व्हॅक्यूम, म्हणजे पोकळी, सांभाळणाऱ्या माणसाच्या अंगाने जास्त पाहतो. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. न्यूकोमेनच्या इंजिनात उष्णता एका जागी गळत नव्हती, ती चार जागी गळत होती, आणि या चार गळत्यांचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने होत होता. त्यांपैकी दोन गळत्या एकमेकींशी अशा बांधलेल्या होत्या, की एक बुजवायला गेले की दुसरी मोठी होई. वॉटने नेमकी ही गाठ सोडवली. उरलेल्या दोन गळत्यांना त्याने फारसा हात लावला नाही, आणि म्हणूनच त्याचे इंजिनही दोन-अडीच टक्क्यांच्या फार पुढे गेले नाही.

आधी यंत्र डोळ्यांसमोर आणू. थॉमस न्यूकोमेन हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याने जॉन कॅली या भागीदाराबरोबर १७१२ मध्ये डडली कॅसलजवळच्या कोळसा खाणीवर जे इंजिन उभे केले, त्याची मापे पुढे १७१९ मध्ये छापलेल्या एका कोरीव चित्रावरून आपल्याला मिळतात. सिलिंडर २१ इंच व्यासाचा आणि ७ फूट १० इंच उंच, वरच्या तोंडाला उघडा. दट्ट्याच्या कडेने हवा आत शिरू नये म्हणून दट्ट्यावर पाण्याचा थर साठवलेला असे. दट्ट्या साखळीने एका भल्या मोठ्या लाकडी तुळईच्या टोकाला बांधलेला, आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारे पंपाचे दांडे. दांड्यांच्या वजनाने तुळई खाणीच्या बाजूला झुकली, की दट्ट्या वर जाई आणि खालून वाफ शिरे. ही वाफ दट्ट्याला ढकलत नसे. तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेमच जास्त असे आणि तिचे काम फक्त जागा भरण्याचे. मग वाफेची झडप बंद होई, थंड पाण्याचा फवारा सिलिंडरमध्ये उडे, वाफेचे पाणी होई, पोकळी तयार होई आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबून पंपाचे पाणी वर आणी. काम हवेचा दाब करत होता. वाफ केवळ त्याला वाट करून देत होती.

हे इंजिन मिनिटाला १२ फेऱ्या करी आणि दर फेरीला १० गॅलन पाणी १५३ फूट वर उचली. आजच्या एककांत सांगायचे तर सुमारे ४५.५ किलो पाणी ४६.६ मीटर वर, म्हणजे फेरीला २०.८ किलोज्यूल काम आणि एकूण शक्ती साडेपाच अश्वशक्तीच्या आसपास. दट्ट्याची धाव सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर धरली, तर दट्ट्याने मोकळी केलेली जागा ०.४१ घनमीटर होते. कामाला या घनफळाने भागले, की दट्ट्यावर सरासरी ५१ किलोपास्कल इतका परिणामी दाब पडत होता असे निघते. हवेचा दाब १०१ किलोपास्कल आहे. म्हणजे फुकट मिळणाऱ्या हवेच्या दाबापैकी निम्माच वापरला जात होता. हा निम्म्याचा आकडा लक्षात ठेवा. पुढचा बराचसा विचार त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आता पहिली गळती. समजा सगळे आदर्श आहे : भिंती उष्णता शोषत नाहीत, पोकळी पूर्ण आहे, घर्षण नाही. १०० अंशांची एक किलो वाफ १.६७३ घनमीटर जागा व्यापते. तेवढ्या जागेतून हवेच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला, तर १०१.३ गुणिले १.६७३, म्हणजे सुमारे १७० किलोज्यूल काम मिळते. ही एक किलो वाफ ३० अंशांच्या पाण्यापासून करायला साधारण २,५५० किलोज्यूल उष्णता लागते. भागाकार केला, तर ६.६ टक्के. म्हणजे न्यूकोमेनच्या पद्धतीने चालणारे इंजिन देवाने स्वतः घडवले असते, तरी ते सात टक्क्यांच्या आतच राहिले असते. कार्नोच्या १९ टक्क्यांपैकी दोन तृतीयांश इथेच गेले, आणि त्यात कारागिराचा काहीच दोष नाही.

याचे कारण असे की फवारा उडाल्यावर सिलिंडरमधला दाब १०१ किलोपास्कलवरून एकदम खाली येतो, तेव्हा दट्ट्या जागचा हललेलाही नसतो. वाफेला १०० अंशांवरून थंड पाण्याच्या तापमानापर्यंत सावकाश उतरवत, तिला पसरू देत देत, त्या पसरण्यातून काम काढून घेता आले असते. ते न करता तिला कड्यावरून खाली ढकलून दिले जाते. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, उष्णतेच्या उतरण्याची तुलना धबधब्याच्या पाण्याशी केली होती. त्याने घातलेली अट नेमकी हीच होती, की इंजिनातल्या कोणत्याही भागात घनफळातल्या बदलावाचून तापमानाचा बदल होता कामा नये. जिथे उष्णता काम न करता नुसतीच गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, तिथे तेवढे काम कायमचे हातचे जाते. कार्नो तेव्हा उष्णतेला एक अविनाशी द्रव मानत होता आणि ते चुकीचे होते, पण ही अट मात्र आजही जशीच्या तशी लागू आहे. न्यूकोमेनचे इंजिन दर फेरीला ती दोनदा मोडत होते : एकदा वाफेवर फवारा उडताना, आणि दुसऱ्यांदा नवी गरम वाफ थंड भिंतीला भिडताना.

दुसरी गळती म्हणजे अपुरी पोकळी. ज्यांनी कंडेन्सरवर काम केलेले नाही, त्यांना वाटते की वाफेचे पाणी झाले म्हणजे मागे शून्य दाब उरतो. तसे नसते. मागे जे पाणी उरते, त्याच्या तापमानाला जितका बाष्पदाब असेल, तितका दाब तिथे राहतोच. ४० अंशांच्या पाण्यावर ७.४ किलोपास्कल, ५० अंशांना १२.३, ६० अंशांना २०, आणि ८० अंशांना ४७. चढ कसा उभा होत जातो ते पाहा. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणी ३३-३४ अंशांच्या खाली उतरत नसे आणि कंडेन्सरचा दाब १० किलोपास्कलच्या आसपास रेंगाळे. डिसेंबरच्या रात्री तेच यंत्र तितक्याच कोळशावर सरळ जास्त वीज देई. न्यूकोमेनच्या सिलिंडरमध्ये फवारा उडाल्यावर पाणी ७५-८० अंशांपर्यंत तापत असणार, असे त्या ५१ किलोपास्कलच्या आकड्यावरूनच दिसते; उरलेला हिस्सा घर्षणाचा आणि हवेचा.

हवेविषयी एक गोष्ट सांगतो. थंड पाण्यात हवा विरघळलेली असते. फवारा तापला की ती सुटते, आणि तिचे काही पाणी होत नाही. ती दर फेरीला साठत गेली, तर काही फेऱ्यांतच इंजिन गुदमरून थांबेल. न्यूकोमेनने यासाठी सिलिंडरच्या तळाशी एक छोटी झडप ठेवली होती. नवी वाफ आत आली की आधीची हवा या झडपेतून बाहेर रेटली जाई आणि सर्दी झालेल्या माणसाने नाक ओढावे तसा आवाज होई, म्हणून कामगारांनी झडपेला नावही त्यावरूनच दिले. अठराव्या शतकाच्या आरंभी, वायूंचे शास्त्र पुरते जन्माला आलेले नसताना, एका लोखंड-व्यापाऱ्याने ही अडचण ओळखून सोडवली होती याचे मला आजही आश्चर्य वाटते. आमच्या पिढीला त्यासाठी हवा ओढून काढणारे इजेक्टर आणि पंप दिलेले असत, आणि तरीही रात्रपाळीत व्हॅक्यूम पडला की आम्ही मेणबत्ती घेऊन नळांच्या एकेका जोडापाशी, फ्लँजपाशी, फिरत असू. ज्योत जिथे आत ओढली जाई, तिथे गळती.

तर मग जास्त थंड पाणी का नाही मारले? हिशेब करून पाहू. फेरीला सुमारे ०.२४ किलो वाफ सिलिंडर भरते. तिचे पाणी करून ते ८० अंशांवर ठेवायचे तर १५ अंशांचे साधारण २ किलो पाणी पुरते. ५० अंशांपर्यंत उतरवायचे तर सुमारे ४ किलो. म्हणजे फवारा फक्त दुप्पट केला असता, तर मागचा दाब ४७ वरून १२ किलोपास्कलवर आला असता आणि काम दीडपटीहून जास्त झाले असते. पाण्याची तर खाणीवर ददात नव्हती. ते पाणी उपसण्यासाठीच इंजिन बसवले होते. तरीही चालवणारे लोक तसे करत नसत, आणि त्यांचा हात अनुभवाने योग्य जागी थांबलेला होता. कारण तिसरी गळती.

तिसरी गळती म्हणजे सिलिंडरची भिंत. फवारा वाफेवर उडतो तसाच भिंतीवरही उडतो. भिंत थंड होते. पुढच्या फेरीची वाफ आत येते, तेव्हा ती आधी या थंड धातूवर स्वतःचे पाणी करून घेते आणि भिंत पुन्हा १०० अंशांच्या जवळ येईपर्यंत सिलिंडर काही भरत नाही. दट्ट्यावर साठवलेले पाणी कडेने खाली झिरपते, वरच्या उघड्या तोंडातून बाहेरची हवा भिंतीला लागते, ते निराळेच.

अनेक पुस्तकांत असे वाचायला मिळते की सगळा सिलिंडर दर फेरीला गरम आणि थंड होत होता. हे पूर्ण खरे नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. पाच सेकंदांच्या फेरीत तापमानाची लाट बिडाच्या धातूत साधारण ५ मिलिमीटरच आत जाते. त्यापलीकडचा धातू एका मधल्याच तापमानाला स्थिर राहतो. म्हणून भिंत जाड की पातळ याला फारसा अर्थ नाही, भिंतीचा पृष्ठभाग किती आहे याला आहे. डडलीच्या मापाचा सिलिंडर बिडाचा धरला, तर आतला गोलाकार पृष्ठभाग ३ चौरस मीटरच्या थोडा वर होतो. त्याचा ५ मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे ११० किलो धातू, आणि तो एक अंशाने तापवायला ५५ किलोज्यूल लागतात. या थराचे सरासरी तापमान दर फेरीला अवघ्या दहा अंशांनी खालीवर झाले, तरी ५५० किलोज्यूल खर्च. आणि सिलिंडर वाफेने एकदा भरण्याची खरी किंमत किती? ०.२४४ किलो वाफ गुणिले २,५५०, म्हणजे ६२० किलोज्यूल. दहा अंशांच्या हेलकाव्यानेच वाफेचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. काम पुढे फक्त २०.८ किलोज्यूल.

आता ती गाठ दिसते. चांगली पोकळी हवी, तर जास्त थंड पाणी हवे. जास्त थंड पाणी मारले, तर भिंत जास्त थंड होते आणि पुढच्या फेरीला वाफ जास्त जाते. पाणी कमी मारावे, तर भिंत गरम राहते, पण पोकळी अपुरी पडून काम घटते. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कोळशाचा खर्च सर्वात कमी होतो, आणि तो बिंदू हवेच्या निम्म्या दाबाच्या आसपास पडत होता. पन्नास वर्षे असंख्य कारागिरांनी तोच बिंदू हाताने शोधून काढला होता. एकाच भांड्याने गरमही असावे आणि थंडही असावे, अशी अपेक्षा असताना याहून चांगले करता येत नाही.

चौथी गळती बॉयलरची, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. गवताच्या गंजीसारख्या आकाराचे ते बॉयलर खालून जाळ लावलेले मोठे हंडेच होते, आणि कोळशातली साधारण निम्मीच उष्णता पाण्यात उतरत असे असे धरून चालू.

आता गुणाकार करा. आदर्श ६.६ टक्के, पोकळी निम्मी म्हणून ३.३, भिंतींमुळे वाफेचा खर्च अडीच पट धरला तर १.३, बॉयलर निम्मा म्हणून ०.६५ टक्के. त्या काळी इंजिनाचे मोल 'ड्यूटी'त मोजत, म्हणजे एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले. ८४ पौंडांच्या बुशेलवर साधारण न्यूकोमेन इंजिन ५५ ते ७० लाख फूट-पौंड देई, आणि त्याचे रूपांतर केले तर येणारा आकडा हाच, पाऊण टक्क्याच्या आसपास. जॉन स्मीटन या इंग्लिश इंजिनिअरने १७७० च्या दशकात बांधलेल्या इंजिनांत सिलिंडरची कातणी नीट केली, बॉयलर सुधारला, दट्ट्याच्या खालच्या अंगाला लाकडी फळ्या मारल्या आणि ड्यूटी ९० लाखांच्या वर नेली. त्याने चारही गळत्या थोड्याथोड्या आवळल्या, गाठीला मात्र हात लावला नाही. माझ्या मते स्मीटनला इतिहासात मिळते त्याहून जास्त श्रेय मिळायला हवे, कारण मोजून, तक्ते करून, एका वेळी एकच गोष्ट बदलून यंत्र सुधारण्याची रीत त्याची आहे, आणि वीज केंद्रात आम्ही तीच वापरतो.

वॉटकडे येऊ. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे नमुन्याचे यंत्र त्याच्याकडे दुरुस्तीला आले. सिलिंडर दोन इंच व्यासाचा, दट्ट्याची धाव सहा इंच. यंत्र दुरुस्त झाले, पण काही फेऱ्या मारून थांबे; बॉयलर वाफ पुरवूच शकत नसे. वरच्या हिशेबावरून कारण उघड आहे. घनफळाच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग व्यासाच्या उलट्या प्रमाणात वाढतो, म्हणून दोन इंचांच्या सिलिंडरमध्ये भिंतीचा तोटा २१ इंचांच्या सिलिंडरपेक्षा दहापट ठळक होता. मोठ्या इंजिनावर जे दुखणे अंगवळणी पडले होते, ते या खेळण्यात असह्य झाले. वॉटला मोठे इंजिन दुरुस्तीला मिळाले असते, तर त्याला हे इतक्या लवकर दिसले असते असे मला वाटत नाही.

त्याने केलेले काम हिशेबनिसाचे आहे. एका फेरीला किती पाणी उकळते ते त्याने मोजले, वाफ पाण्याच्या किती पट जागा घेते ते मोजले (त्याचा आकडा १,८०० होता, खरा १,६७० च्या आसपास), आणि दर फेरीला सिलिंडरच्या घनफळाच्या कित्येक पट वाफ जाते असा ताळेबंद मांडला. मग किटलीच्या तोटीला वाकवलेली काचनळी लावून वाफ थंड पाण्यात सोडली आणि पाहिले, की वाफ स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी उकळीला आणते. लहानग्या वॉटने किटलीचे झाकण उडताना पाहिले ही शाळेतली गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. खरी किटली ही, आणि ती मोजमापाचे भांडे होती. सहापट हा आकडाही पारखून पाहा : एक किलो वाफेचे पाणी होताना २,२५७ किलोज्यूल सुटतात, आणि एक किलो पाणी ११ अंशांवरून १०० वर न्यायला ३७३ लागतात. भागाकार ६.०५. वॉटला हे चमत्कारिक वाटले, म्हणून तो त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाकडे गेला, आणि ब्लॅकने आपला सुप्त उष्म्याचा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेचा, सिद्धांत त्याला समजावून सांगितला. त्या सिद्धांतातून आपल्याला कंडेन्सर सुचला असे मात्र नाही, हे पुढे वॉटने स्वतः स्पष्ट केले होते. सुप्त उष्म्याने त्याला एवढेच कळले, की वाया जाणारी प्रत्येक ग्रॅम वाफ किती महाग आहे.

तोडगा सुचला १७६५ च्या मे महिन्यात, एका रविवारी ग्लासगो ग्रीनवर फिरताना. वाफ लवचीक आहे. शेजारी एखादे भांडे रिकामे आणि थंड ठेवले आणि दोहोंमधली वाट उघडली, तर ती आपणहून तिकडे धावेल आणि तिथेच तिचे पाणी होईल. सिलिंडरला थंड व्हायचे कारणच नाही. त्याने पितळी पिचकारीचा सिलिंडर करून हे तपासले, आणि १७६९ मध्ये जे पेटंट घेतले त्याचा विषय नवे इंजिन असा नव्हता. वाफेचा आणि जळणाचा खर्च कमी करण्याची रीत असा होता. त्यातले पहिले तत्त्व असे, की काम करणारे भांडे, ते काम करत असेपर्यंत, त्यात येणाऱ्या वाफेइतकेच गरम राहिले पाहिजे. त्यापाठोपाठ बाकीचे सगळे येते. सिलिंडरला बाहेरून वाफेचा डगला. उघडे तोंड बंद, आणि दट्ट्यावर हवेऐवजी वाफ, म्हणजे वरूनही थंडी नको. दट्ट्यावरचे पाणीही गेले. कंडेन्सरमधून हवा आणि पाणी काढायला पंप, कारण तिथे आता ती नाक ओढणारी झडप उपयोगाची नव्हती. आतला दाब कधीच हवेच्या वर जात नव्हता.

वाफेच्या डगल्याविषयी तरुण इंजिनिअर नेहमी विचारतात, की डगल्यातही वाफच जळते, मग बचत कसली? डगल्यातल्या वाफेचे बाहेरच्या बाहेर पाणी होते आणि तिथून ते काढून टाकता येते. आतल्या भिंतीवर जे पाणी होते, ते मात्र पोकळीकडची वाट उघडताच पुन्हा उकळते, भिंतीतून उष्णता ओढून घेते आणि कंडेन्सरकडे पळते. या पुन्हा उकळण्यानेच भिंत थंड होते. कोरडी भिंत उष्णता फार सावकाश देते-घेते, ओली भिंत झपाट्याने. डगला भिंत कोरडी ठेवतो, आणि त्याची खरी कमाई ती आहे.

आता वॉटचे गणित पुन्हा करू. गाठ सुटली, म्हणून कंडेन्सरमध्ये हवे तेवढे थंड पाणी मारता येते आणि भिंतीला त्याची झळ नाही. दट्ट्यावरचा परिणामी दाब ५१ वरून ७० किलोपास्कलवर गेला असे धरले, तर आदर्श भिंतीसह ४.६ टक्के येतात. भिंतींचा तोटा पुरता गेला नाही, पण फार घटला, बॉयलरही सुधारला. हिशेब दोन-अडीच टक्क्यांवर येतो, आणि वॉट व त्याचा भागीदार बोल्टन यांच्या इंजिनांची ड्यूटी दोन कोटींच्या आसपास होती, ती याच्याशी जुळते. त्यांची व्यवहाराची रीतही थर्मामीटरसारखीच होती : न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आमचा. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींना कोळसा वेल्समधून जहाजाने आणावा लागे, म्हणून तिथे ही इंजिने धडाधड लागली. कोळशाच्या खाणींवर मात्र न विकला जाणारा चुरा जाळायला फुकट होता, आणि तिथे न्यूकोमेनचीच पद्धत पुढे कित्येक दशके चालू राहिली; यॉर्कशरमधल्या एल्सेकरला १७९५ मध्ये, म्हणजे वॉटच्या पेटंटनंतर २६ वर्षांनी, बसवलेले असे इंजिन आजही जागेवर उभे आहे. जळण फुकट असेल तर कार्यक्षमतेला किंमत नसते, हे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या साखर कारखान्यांच्या जुन्या बॉयलरांकडे पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

पहिली गळती, म्हणजे वाफेला पसरू न देणे, वॉटला दिसली होती. १७८२ च्या पेटंटमध्ये त्याने दट्ट्याच्या धावेचा चौथा हिस्सा झाल्यावर वाफ तोडून उरलेल्या धावेत तिला पसरू देण्याचा हिशेब दिला आहे. पण हवेच्या दाबाइतक्याच दाबाच्या वाफेला पसरायला वाव कितीसा? तिचा खरा फायदा घ्यायचा तर वाफ जास्त दाबाची हवी, आणि जास्त दाबाला वॉट आयुष्यभर घाबरला. त्या काळचे बॉयलर पाहता ती भीती अगदीच निराधार नव्हती. १८०० मध्ये पेटंट संपले आणि रिचर्ड ट्रेव्हिथिक, आर्थर वुल्फ या इंजिनिअरांनी ती वाट मोकळी केली. १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीवरच्या एका इंजिनाने ९४ पौंडांच्या बुशेलवर साडेबारा कोटींची ड्यूटी दिल्याची नोंद आहे, जिच्यावर त्याच काळी शंकाही घेतल्या गेल्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. रेल्वेचे इंजिन पाहिलेल्याला वाटते की जास्त दाब म्हणजे जास्त कार्यक्षमता. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीच्या इंजिनांना कंडेन्सर नव्हता; वापरलेली वाफ ती हवेत सोडत, म्हणजे तापमानाच्या उताराचे खालचे टोक १०० अंशांवरच तुटलेले. संपृक्त वाफेचा, म्हणजे उकळत्या पाण्याला लागूनच असलेल्या वाफेचा, दाब हवेच्या दहापट केला, तरी तिचे तापमान १०० वरून फक्त १८० अंशांवर जाते. तेच खालचे टोक १०० वरून ४० वर आणले, तर ६० अंश मिळतात, आणि त्यासाठी कोणताही बॉयलर फुटण्याची धास्ती नाही. वॉटने उताराच्या तळाचे काम केले, ट्रेव्हिथिकने माथ्याचे. फिरत्या इंजिनाला तळाचा फायदा सोडून द्यावा लागला, कारण तेवढे थंड पाणी बरोबर नेता येत नाही.

राहिला उपप्रश्न : सिलिंडरच उष्णतारोधक केला असता तर? हे वॉटने करून पाहिले होते. कंडेन्सर सुचण्याआधी त्याने सहा इंच व्यासाचा आणि बारा इंच धावेचा लाकडी सिलिंडर केला, तो जवसाच्या तेलात मुरवला आणि भट्टीत सुकवला. कल्पना उत्तम होती. दर फेरीला पृष्ठभागातून आतबाहेर होणारी उष्णता लाकडात बिडापेक्षा तीसेक पट कमी असते. वाफेचा खर्च खरोखरच घटला. पण फवारा वाढवून पोकळी सुधारायला जावे, तर मिळणाऱ्या जादा शक्तीच्या मानाने वाफेचा अपव्यय पुन्हा जास्त प्रमाणात वाढे. कारण फवाऱ्याचे पाणी सिलिंडरमध्येच पडत होते. डडलीच्या मापाच्या सिलिंडरला केसाएवढा, ०.१ मिलिमीटरचा पाण्याचा थर चिकटून राहिला, तर ते ३०० ग्रॅम पाणी होते, आणि ते ५० अंशांवरून १०० वर आणायला ६० किलोज्यूलहून जास्त लागतात, म्हणजे फेरीच्या कामाच्या तिप्पट. तळाशी साठलेले गरम पाणी पोकळीत उकळून पोकळी बिघडवते ते वेगळेच. भिंत लाकडाची असो, नाहीतर आजच्या टेफ्लॉनची, फवारा आत उडतो आहे तोवर थंड पाणी आणि गरम वाफ एकाच खोलीत नांदतात. शिवाय ते लाकूड वाफेत टिकणारेही नव्हते. फवाराच सिलिंडरच्या बाहेर नेण्याचा विचार वॉटला सुचला तो या लाकडी सिलिंडरनंतर.